‘हो’ आलं तर?

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी बारावीला आहे. १ नोव्हेंबरला तिने एका खाजगी युनिव्हर्सिटीत ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज केला. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागेल. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाही. ती शाळेतून आली की खोलीचं दार लावून घेते. नवरा रात्री एकपर्यंत कुठे किती टक्के मुलं घेतात ते वाचत बसतो. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांनी मार्गशीर्षातले गुरुवार तिच्या अ‍ॅडमिशनसाठी धरलेत. माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीच्या मुलानेही तिथेच अर्ज केलाय, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना फोन करायचं टाळतोय. मंडळाच्या कार्यक्रमाला जावं तर ‘काय, कुठे टाकलंय?’ हाच प्रश्न. मी रात्री दोनला जागी होते आणि तिचा पासवर्ड टाकून पोर्टल उघडते. तिला हे माहीत नाही. रटगर्सचा, म्हणजे इथल्या राज्याच्या युनिव्हर्सिटीचा, अर्ज गेलाय, पण बाकी सात कॉलेजांचे निबंध ती हातात घेत नाही. म्हणते, ‘आधी हे कळू दे.’ हे दिवस कसे काढायचे?

ता. क. नंबर लागला तरी पैशांचं काय, हे आम्ही दोघं अजून बोललोच नाही. आम्ही एच-१ व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत.”

मैत्रिणी,

दिवस कसे काढायचे ते सांगते, पण आधी दोन गोष्टी. तुझ्या पत्रात त्या ओझरत्या आल्यात आणि मला त्याच सगळ्यात मोठ्या वाटल्या. एक तो पासवर्ड आणि दुसरी ती ता. क. ची ओळ.

पासवर्डचं आजच मिटव. रात्री दोनला त्या पोर्टलवर काहीच सापडणार नाही. निकालाचा दिवस आणि वेळ युनिव्हर्सिटी आधी कळवते, बहुतेक ठिकाणी संध्याकाळची, आणि मग सगळ्यांचे निकाल एकदमच खुले होतात. तोवर तिथे दिसते ती नुसती यादी: ट्रान्सक्रिप्ट पोचली, शिफारसपत्रं पोचली, फी पोचली. पण समजा, निकालाच्या संध्याकाळी सवयीने तुझं बोट तिच्याआधी तिथे गेलं, तर? तिच्या आयुष्यातली इतकी मोठी बातमी आईने चोरून आधी वाचली, हे ती विसरणार नाही. तेव्हा फोनमधून तो पासवर्ड पुसून टाक आणि तिला सांग, ‘मला झोप लागत नव्हती, मी तुझं पोर्टल उघडून बघत होते. चुकलं माझं. पासवर्ड बदल.’ एवढंच बोल. लांबण लावू नकोस, आणि तिच्यासमोर रडू नकोस, नाहीतर तिलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. ती चिडेल. चिडू दे. दोन दिवस अबोला धरला तरी चालेल, पण निकालाच्या दिवशी तुमच्या दोघींमध्ये हे लपवलेलं काही नको.

आता ता. क.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं ते शेवटापासून. आणि मला वाटलं, तुझी झोप उडालीय ती ‘नाही’च्या भीतीने जितकी, तितकीच ‘हो’च्याही. नकार आला तर मुलगी मोडेल, आणि होकार आला तर तुम्ही दोघं. हे तू नवऱ्याला सांगितलेलं नाहीस, कदाचित स्वतःलाही नाही. तो रात्री एकपर्यंत टक्केवारी वाचतो त्याचंही कारण मला हेच दिसतं. टक्केवारी वाचणं सोपं आहे, बँकेचे आकडे समोर मांडणं अवघड.

हे बोलणं निकालाच्या आधी व्हायला हवं. का, ते सविस्तर सांगते, कारण ‘अर्ली डिसिजन’मध्ये नेमकं कशाला बांधून घेतलंय हे आपल्या कितीतरी घरांत आईला नीट ठाऊकच नसतं. कागदपत्रं मुलगी आणि बाबा बघतात, आई जेवणाचं बघते.

‘अर्ली अ‍ॅक्शन’मध्ये उत्तर लवकर मिळतं आणि जायचं की नाही हे १ मेपर्यंत ठरवता येतं. ‘अर्ली डिसिजन’चं तसं नाही. तिथे मुलगी, तुमच्यापैकी एकजण आणि शाळेची काउन्सेलर, अशा तिघांच्या सह्या असतात. घेतलंत तर येऊ आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊ, असा तो शब्द असतो. त्यातून सुटायची सर्वमान्य वाट एकच: आर्थिक मदत मागितली होती आणि जी मिळाली ती पुरेशी नाही. आणि नेमकं इथेच तुमच्यासारख्या घरांचं गणित वेगळं होतं. मुलगी एच-४ वर, म्हणजे तुमच्या एच-१ ला जोडलेल्या व्हिसावर असेल, तर फाफ्सा नावाचा फॉर्म भरून मिळणारी केंद्र सरकारची मदत तिला मिळत नाही. ती नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि अशा काही मोजक्या गटांनाच आहे. उरली कॉलेजची स्वतःची मदत. बरीच कॉलेजं एच-४ च्या मुलांना परदेशी विद्यार्थ्यांत धरतात, मग ती दुसरीपासून न्यू जर्सीतच शिकलेली का असेनात. परदेशी मुलांनी मदत मागितली, तर बहुतेक ठिकाणी ते प्रवेश ठरवतानाच बघितलं जातं. तसं न बघणारी कॉलेजं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकीच. म्हणून पुष्कळ घरं ‘मदत नको’ असं लिहून अर्ज करतात, म्हणजे नंबर तरी लागेल. तुम्ही काय लिहिलंत ते तुझ्या पत्रात नाही. आधी ते शोधून काढ.

कारण ‘मदत नको’ असं लिहिलं असेल, तर नंतर ‘परवडत नाही’ म्हणून सुटणं फार अवघड जातं. मोठ्या खाजगी युनिव्हर्सिट्यांचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च आज नव्वद हजार डॉलरच्या आसपास आहे. चार वर्षांचे साडेतीन लाख डॉलरच्या आसपास. तुमच्याकडे ते असतील, तर काहीच प्रश्न नाही. नसतील, तर घरावर कर्ज काढायचं का, साताऱ्याची जागा विकायची का, धाकटं भावंड असेल तर त्याच्या वाट्याचं काय, हे सगळं एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बोला. तुम्ही दोघं आधी. मग मुलीला बोलवा. सासूबाईंना त्या दिवशी देवळात पाठवलंत तरी चालेल.

कॉलेजच्या संकेतस्थळावरचा खर्चाचा कॅल्क्युलेटर मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्या घरांसाठी केलेला असतो, त्यावर तुम्ही विसंबू नका. सरळ आर्थिक मदतीच्या ऑफिसला फोन करा आणि विचारा, ‘आमची मुलगी एच-४ वर आहे, तिला तुम्ही कशात धरता?’ या प्रश्नाने अर्जाचं काही बिघडत नाही. ते लोक रोज असे फोन घेतात.

आणि कागदावर आकडा जुळलाच नाही तर? अजून वेळ आहे. निकाल लागायच्या आत, ‘माझा अर्ज अर्ली डिसिजनमधून काढून रेग्युलरमध्ये घ्या’, म्हणजे नेहमीच्या, बांधून न घेणाऱ्या अर्जांत घ्या, असं बऱ्याच ठिकाणी लिहून कळवता येतं. हे काउन्सेलरशी बोलून करायचं, कारण तिचीही सही आहे. मुलीला ते ऐकून रडू येईल, मला कल्पना आहे. पण होकार हातात घेऊन, आजीने पेढे वाटल्यावर, सगळ्या मंडळाला कळल्यावर नाही म्हणणं किती जड जाईल त्याचा विचार कर. आणि शब्द मोडला तर तिच्या शाळेतून पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांना त्याची झळ लागू शकते, ही धास्ती प्रत्येक काउन्सेलरला असते.

तुम्हीच तेवढे अडाणी राहिलात असं मनाला लावून घेऊ नकोस. ही पद्धतच मुळात पैशांची तुलना करायची गरज नसलेल्या घरांना सोयीची आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये लवकरच्या अर्जांची पद्धत बंद करतो असं जाहीर केलं, ते याच कारणाने, की तिचा फायदा आधीच सुस्थितीत असलेल्या मुलांना होतो. आणि हार्वर्डची पद्धत तर बांधून घेणारीही नव्हती. २०११ मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली, कारण बाकीच्या बहुतेकांनी ती सोडलीच नव्हती. युनिव्हर्सिटीला ‘नक्की येणारी’ मुलं हवी असतात. डिसेंबरातच वर्गाचा मोठा हिस्सा भरून झाला की त्यांची चिंता मिटते. तुमची चिंता त्यांच्या हिशेबात येत नाही, म्हणून ती तुम्हीच करायची.

तुझी लेक दार लावून बसते म्हणतेस. मला वाटतं, पैशांचं न बोललेलंही तिला दाराआडून कळत असणार. एच-४ च्या मुलांना फार लवकर कळतं. एकवीस वर्षांची झाल्यावर आईबाबांच्या व्हिसावर राहता येणार नाही, हे ती कधीच शिकलेली असेल. तुमच्या घरात दर महिन्याला ग्रीन कार्डच्या रांगेची तारीख सांगणारं व्हिसा बुलेटिन उघडलं जातं, तारीख पुढे सरकली की नाही ते बघितलं जातं, आणि ‘नाही सरकली’ एवढंच बोलून सगळे कामाला लागतात. तिने लहानपणापासून वाट बघण्याची हीच एक तऱ्हा पाहिलीय: कुणी काही बोलायचं नाही. तेव्हा आता ती बोलत नाही याचं नवल वाटून घेऊ नकोस. बोलायला सुरुवात तुम्हाला करावी लागेल, आणि ‘तुला काय वाटतंय?’ असं विचारून ती होणार नाही. ‘आम्ही खर्चाचा हिशेब मांडलाय, तूही ये’ असं म्हटलंस, तर ती येईल.

आता त्या सात निबंधांचं. इथे मी तुझ्या बाजूची आहे आणि जरा कडक बोलणार आहे. ‘आधी हे कळू दे’ हे तिचं म्हणणं माणूस म्हणून मला पटतं, पण तारखा बघ. निकाल डिसेंबरच्या मध्यावर. रेग्युलरच्या शेवटच्या तारखा बहुतेक १ ते ५ जानेवारी. मध्ये पंधरा-वीस दिवस, त्यात नाताळची सुट्टी, शाळा बंद, काउन्सेलर गावाला. नकार आलाच, तर पहिले तीन-चार दिवस तिच्याच्याने काही लिहून होणार नाही. मग उरलेल्या दहा-बारा दिवसांत सात कॉलेजांना ‘मला तुमच्याकडेच का यायचंय’ हे लिहायचं, आणि तेही नुकतंच कुणीतरी दार लावून घेतलेलं असताना. असे निबंध वाचवत नाहीत. शब्द बरोबर असतात, पण लिहिणाऱ्याला तिथे जायचं नाहीये हे ओळीओळीत दिसतं.

म्हणून निकालाच्या आत सातही निबंधांचा कच्चा खर्डा व्हायला हवा. कच्चाच. पक्का करायला पुढे दिवस आहेत. सातांतली दोन-तीन कॉलेजं तिला मनापासून आवडत नसतील, तर ती आत्ताच गाळून टाका, यादीची लांबी कुणी मोजत नाही. आणि काउन्सेलरकडून जे कागद लागतील ते शाळा सुटीसाठी बंद व्हायच्या आत मागून ठेवा. होकार आला तर हे सगळं वाया जाईल. जाऊ दे. मी तर म्हणते, असं वाया गेलेलं बरं. रटगर्सचा अर्ज गेलाय हे फार चांगलं झालं. ते उत्तर जानेवारीअखेरपर्यंत येईल आणि घरापासून अर्ध्या तासावर एक भक्कम वाट उघडी असेल. ‘रटगर्स काय, आहेच’ असं तिच्यासमोर चुकूनही म्हणू नका. तिथे जायची वेळ आली तर ते वाक्य तिच्याबरोबर जाईल.

लिहायला तिला बस म्हणू नकोस. रोज संध्याकाळी तासभर तू स्वतः टेबलावर तुझं काही काम घेऊन बस, तिला तिचं घेऊन बसू दे. बोलू नकोस, वाचून दाखव म्हणू नकोस, चहा विचार. एका खोलीत दोघी गप्प बसलेल्या असणं आणि ती दाराआड एकटी गप्प असणं यात खूप अंतर आहे.

तुझ्या नवऱ्याविषयीही एक. त्याचा टक्केवारीचा नाद सुटणार नाही, पण निदान त्याला हे दाखव. २०२३ च्या डिसेंबरात हार्वर्डकडे लवकरचे ७,९२१ अर्ज होते, त्यांतून ६९२ मुलं घेतली. हे वाचून तो म्हणेल, पावणेनऊ टक्के. पण बाकीच्यांचं काय झालं? दर पाचांतल्या चारांहून जास्त मुलांना त्यांनी ‘डिफर’ केलं, म्हणजे ‘मार्चमध्ये पुन्हा बघू’ म्हटलं. थेट नकार त्यामानाने थोड्यांनाच. एमआयटीतही अलीकडे निम्म्याहून अधिक मुलं डिफर होतात. स्टॅनफर्ड मात्र फार थोड्यांना डिफर करतं, बाकीच्यांना डिसेंबरातच नाही सांगून मोकळं करतं. म्हणजे ‘डिफर’ या एकाच शब्दाचा अर्थ कॉलेजागणिक वेगळा. तुमची युनिव्हर्सिटी कोणत्या पठडीतली, हे त्याने शोधावं. तिच्या वाट्याला तो शब्द आला तर काय समजायचं, ते आधी ठाऊक असेल.

पण त्या टक्क्यांत तुमची मुलगी कुठे बसते हे त्याला सापडणार नाही, आणि आपल्या पिढीला खुपतं ते हेच. आम्ही अकरावीला होतो तेव्हा कॉलेजच्या फलकावर कट-ऑफ लागायचा. घाम पुसत, गर्दीतून मान उंच करून तो आकडा वाचायचा. माझी शेजारची मैत्रीण एका मार्काने हुकली आणि तिथेच पायरीवर बसली. क्रूरच होतं ते. पण तिला कारण माहीत होतं: एक मार्क. आजही सीईटीनंतर कॅपच्या फेऱ्यांमध्ये आपला क्रमांक आणि मागच्या वर्षीचा कट-ऑफ समोर ठेवून पसंतीक्रम भरता येतो. इथे तसा आकडाच नाही. इथे वर्ग ‘जुळवतात’. त्यात खेळासाठी आधीच ठरवून घेतलेली मुलं असतात, काही ठिकाणी ज्यांचे आईबाप तिथेच शिकले अशी असतात, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी असतात, वाद्यवृंदात यंदा कमी पडणारं वाद्य वाजवणारं कुणी असतं. तुझ्या मुलीच्या अर्जात कुठेच खोट नसेल आणि तरी नकार येईल. का आला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. विचारायला जाऊ नका, सांगत नाहीत. आणि मुलीजवळ बसून ‘त्या क्लबमध्ये राहिली असतीस तर’, ‘तो एपीचा (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा) विषय घेतला असतास तर’ असलं शवविच्छेदन तर अजिबात करू नका.

मैत्रिणीला मात्र फोन कर. आजच कर. दोघींनाही माहीत आहे की एकाच दाराशी दोन्ही मुलं उभी आहेत, आणि तीच चोरी झालीय. तिला सांग, ‘निकालाच्या दिवशी आपण एकमेकींना फोन करायचा नाही. मुलं सांगतील तेव्हा, सांगतील ते.’ असं आधी ठरलं की त्या रात्री तिचा फोन का नाही आला, याचा अर्थ लावत बसावं लागत नाही. आणि मुलं एकमेकांशी काय बोलतील ते त्यांचं त्यांना बघू दे. आपल्यापेक्षा बरी निभावतात ती.

मंडळातल्या लोकांना एकच वाक्य पुरे: ‘ठरलं की ती स्वतःच सांगेल.’ कॉलेजचं नाव सांगायला तू बांधील नाहीस. ज्यांना खरंच काळजी आहे ते पुढे विचारत नाहीत, आणि जे विचारतात त्यांना पुन्हा तेच वाक्य सांग, त्याच आवाजात.

निकालाच्या दिवसाविषयी आता. हे मी माझ्या अनुभवातून सांगतेय आणि तो सांगायला मला अजून जड जातं.

बरीच वर्षं झाली. माझ्या मुलानेही असाच अर्ज केला होता. निकाल संध्याकाळी होता. मी दुपारपासून पुरण शिजत घातलं होतं, पुण्याला आईला व्हिडिओ कॉल जोडून ठेवला होता, कॅमेरा धाकटीच्या हातात दिला होता. तो खुर्चीत, आम्ही मागे उभे. पडदा उघडला, डिफर. त्याने तो परिच्छेद वाचला, पुन्हा वाचला, आणि मागे वळून आमच्याकडे बघितलं. धाकटीच्या हातातला कॅमेरा चालूच होता. मी म्हटलं, ‘अरे, किती कष्ट केले होते आपण.’ तो म्हणाला, ‘आपण नाही, आई. मी.’ आणि उठून गेला. पुरणाचा वास घरभर होता. मार्चमध्ये तिथून नकार आला तेव्हा तो त्याने आम्हाला आठ दिवसांनी सांगितला. तो पुढे राज्याच्या युनिव्हर्सिटीत गेला, शिकला, त्याचं चांगलं चाललंय. पण आजही त्याने नोकरी बदलली की मला महिन्याभराने कळतं. पक्कं झाल्याशिवाय तो मला काही सांगत नाही. त्या संध्याकाळी मी माझी आशा त्याच्या खुर्चीमागे उभी केली, आणि तो तिच्यासमोर पुन्हा कधी आला नाही.

म्हणून सांगते, आधी तिला विचार: निकाल बघताना कोण हवं? एकटीला बघायचा असेल तर एकटीला. मैत्रिणीकडे जाऊन बघायचा असेल तर जाऊ दे. कॅमेरा नको, साताऱ्याला फोन नको, गोडधोड नको. वरण-भात, तूप, लिंबू, बास. तिने येऊन सांगेपर्यंत तू स्वयंपाकघरात रहा. दाराशी उभी राहू नकोस, सावली दिसते.

‘नाही’ आलं, तर त्या रात्री ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ म्हणू नकोस. ‘देवाच्या मनात नसेल’ हेही नको. तिच्याजवळ बस, आणि ती ‘जा’ म्हणाली तर जा. ‘डिफर’ आलं तर एक गोष्ट तिला शांतपणे कळू दे: आता ती बांधलेली नाही, मार्चअखेर त्यांनी घेतलं तरी जायचं की नाही हे तिने ठरवायचं. त्यांना एक छोटं पत्र लिहायचं असतं, अजूनही यायची इच्छा आहे आणि दरम्यान काय नवं घडलं ते सांगणारं. काही ठिकाणी त्यासाठी पोर्टलवर फॉर्मच असतो. पण ते त्याच रात्री लिहायचं नाही. जानेवारीत, डोकं निवल्यावर, एका पानाच्या आत. पहिल्या सहामाहीचे ग्रेड शाळा नंतर पाठवतेच आणि ते वाचले जातात, म्हणून आत्ताचा अभ्यास सोडू नये.

आणि ‘हो’ आलं, तर आनंद करा, मनापासून करा. खर्चाचं बोलणं आधी झालेलं असेल तर तो आनंद निर्भेळ होईल, आणि माझं हे सगळं लिहिणं त्यासाठीच आहे. दोन-तीन दिवसांत काउन्सेलरला कळवून बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, रटगर्सचाही. फोटो टाकायची घाई करू नका, मैत्रिणीच्या घरी काय झालंय ते कळेपर्यंत तरी. आणि ग्रेड सांभाळायला सांगा. शेवटच्या सहामाहीत फारच घसरले तर दिलेला प्रवेश काढून घेतल्याचीही उदाहरणं आहेत.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचे गुरुवार मोडू नकोस. घट मांडणं, कहाणी वाचणं, संध्याकाळचा नैवेद्य, या थंडीत, परक्या देशात, त्यांच्या हातात तेवढंच आहे, आणि ते त्या नातीसाठी करतायत. फक्त त्यांना एकांतात सांग की ‘अ‍ॅडमिशनसाठी’ हा शब्द घरात मोठ्याने नको. ती खोलीत असते, तिला आरती ऐकू येते. नकार आला तर आजीचं व्रत आपल्यामुळे फुकट गेलं असं पोरीला वाटेल. आजीला म्हणावं, तिच्या तब्येतीसाठी मागा, तिच्या झोपेसाठी मागा. त्या ऐकतील. आज्या ऐकतात, आपणच त्यांना सांगत नाही.

आणि येत्या बुधवारी संध्याकाळी कलशाला लावायची पानं आणायला इंडियन ग्रोसरीत जाशील तेव्हा लेकीला बरोबर घेऊन जा. आंब्याचे डहाळे मिळाले तर ते, नाहीतर विड्याची पानं. गाडीत गाणी तिला लावू दे. कॉलेजचं काही काढू नकोस. पानं तिला निवडू दे, आजीसाठी चांगली बघून घे म्हणावं, आणि परत येताना वाट थोडी लांबची घे.

— ताई